दुकानात क्यूआर लटकतो, तरी ‘इंटरनेट नाही’

मोबाइल-इंटरनेटच्या सरकारी पाहण्यांबद्दल नागपूरच्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतो.

प्रश्न : इतवारीत आमचं किराण्याचं ठोक दुकान आहे. पाहणीवाला आला, त्यानं विचारलं, धंद्यासाठी इंटरनेट वापरता का? मी म्हटलं, नाही. पोट्टा आता माझ्यावर चिडला. म्हणतो, निम्म्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, पैसे यूपीआयनं येतात, मग नाही काऊन सांगितलं? आमची विक्री ई-कॉमर्समध्ये धरतात का?

इंटरनेटच्या बाबतीत तुमच्या मुलाचं बरोबर आहे. कॉम्प्युटर नाही, वायफाय नाही, म्हणजे इंटरनेट नाही, असं पुष्कळ दुकानदारांना वाटतं. गल्ल्यावर क्यूआर कोड लटकत असतो आणि तोंडातून ‘नाही’ निघतं. यात दोष तुमचा कमी, विचारणाऱ्याचा जास्त. ‘इंटरनेट वापरता का’ एवढंच विचारून पुढे जाणारा अर्धंच काम करतो. ऑर्डर कशी घेता, पैसे कसे येतात, माल कुठून मागवता, असं खोदून विचारावं लागतं.

असंघटित उद्योगांची वार्षिक पाहणी तुमच्यासारख्या आस्थापनांसाठीच असते. धंद्याच्या कामाला इंटरनेट वापरणाऱ्या आस्थापना त्यात 2022-23 मध्ये 21.1 टक्के होत्या, 2023-24 मध्ये 26.7 टक्के झाल्या. 2023-24 मध्ये देशात अशा आस्थापना 7.34 कोटींच्या घरात होत्या, तेव्हा एक टक्का म्हणजे सात लाखांवर दुकानं-कारखाने. ही वाढ खरी आहे. पण खरा वापर याहूनही जास्त असावा, असं माझं मत आहे. कारण तुमच्यासारखे ‘नाही’ त्यात बरेच असणार.

ई-कॉमर्सची गोष्ट मात्र उलटी आहे. ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेची 2009 ची व्याख्या जगभर वापरतात. ती पैसे कसे दिले किंवा माल कसा पोहोचला, हे पाहतच नाही. ऑर्डर कोणत्या वाटेनं आली, एवढंच बघते. ऑर्डर घेण्यासाठीच बनवलेली वेबसाइट किंवा ॲप असेल तर ई-कॉमर्स. फोन, फॅक्स किंवा हातानं टाइप केलेला ई-मेल असेल तर नाही. ‘भाऊ, तूरडाळ दोन कट्टे पाठवा’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप त्या ई-मेलच्याच जातीचा. म्हणजे यूपीआयनं पैसे आले, तरी तुमची ही विक्री ई-कॉमर्स नव्हे. उलट कंपनीच्या ॲपवर कार्टमध्ये टाकून तुम्ही साबणाच्या पेट्या मागवता ना, ती ई-कॉमर्स खरेदी झाली. पैसे रोख दिले तरी!

ही व्याख्या इतवारी-गांधीबाग डोळ्यांपुढे ठेवून केलेली नाही, हे उघड आहे. तरी ती बदलू नये, असंच मी म्हणेन. बदलली तर इतर देशांशी आणि मागच्या वर्षांशी तुलना तुटते. निरोपावरच्या ऑर्डरीसाठी वेगळा प्रश्न घालावा आणि त्याचा आकडा वेगळा छापावा.

प्रश्न : मनीषनगरात आमच्याकडे पाहणीसाठी टॅब घेऊन एक मुलगी आली होती. मी ऑफिसात होते. सासूबाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली, आणि माझ्या फोनचं सिम ह्यांच्या नावावर आहे म्हणून ‘सुनेचा स्वतःचा फोन नाही’ असं सांगितलं. हे चालतं का?

चालायला नको. सिम कोणाच्या नावावर आहे, याला इथे महत्त्व नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्याख्येप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी हातात फोन असेल आणि त्यात चालू सिम असेल, तर तो फोन तुमचा. कंपनीनं दिलेला असला आणि खासगी कामाला वापरता येत असला, तरी तुमचाच. नुसतं सिम आहे आणि फोन दुसऱ्याचा, तर मात्र नाही.

हा बारकावा क्षुल्लक वाटेल, पण मोबाइल असलेल्या स्त्रिया किती आणि पुरुष किती, हा संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधला एक निर्देशक आहे. घरातल्या एकानं सगळ्यांची उत्तरं दिली की नेमके बायकांचे आणि म्हाताऱ्यांचे आकडे बिघडतात. सासऱ्यांना फोन कुठं येतो, असं म्हणून आपण मोकळे होतो. ते दुपारभर यूट्यूबवर कीर्तन ऐकत असतात. वापराचा प्रश्न साधारण ‘गेल्या तीन महिन्यांत’ असा असतो, तेव्हा ज्याचं त्यानं सांगितलेलंच बरं. ती मुलगी पुन्हा आली तर दुरुस्ती करून घ्या. ओळखपत्र जरूर बघा. ओटीपी, पिन किंवा खातेक्रमांक कुणी मागितला, तर तो पाहणीवाला नाही.

प्रश्न : शहरांत माणसांपेक्षा मोबाइल जोडण्या जास्त आहेत म्हणतात. मग अजून इंटरनेट नसलेली घरं कुठून निघतात? (धरमपेठ)

ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, जोडण्या मोजतं, पाहणी घरं आणि माणसं मोजते. तुमच्या खिशात दोन सिमं असतील तर ट्रायच्या लेखी दोन, पाहणीच्या लेखी तुम्ही एकच. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय असलेली घरं 23.8 टक्के होती, 2025 च्या दूरसंचारविषयक पाहणीत 86.3 टक्के. उरलेली घरं जोडण्यांच्या आकड्यात दिसतच नाहीत.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. पाहणीत दिलेली माहिती जीएसटीवाल्यांकडे जाईल का?

नाही. सांख्यिकी संकलन कायदा, 2008 प्रमाणे ती सांख्यिकीच्याच कामाला वापरायची असते, आणि तुमची ओळख पटेल अशा रूपात बाहेर देता येत नाही. कुठल्या पाहणीत तुमचं नाव निघेल, ते युनिटवर अवलंबून आहे: नोंदणीकृत कारखाना असेल तर उद्योगांची वार्षिक पाहणी, असंघटित असेल तर वर इतवारीच्या उत्तरात आलेली. कारखान्यांच्या पत्रकात संगणक आणि सॉफ्टवेअरची किंमत मालमत्तेत लिहायची असते. त्यावरून मशीन घेतलं एवढं कळतं. ते सुरू आहे की प्लास्टिकच्या कव्हराखाली आहे, हे कळत नाही. विचारलं तर तेही खरं सांगा.

प्रश्न : मी अर्थशास्त्रात एमए करते. नागपूर जिल्ह्यातल्या घरांच्या इंटरनेट वापरावर प्रबंध लिहायचा आहे. कच्ची आकडेवारी मिळेल का? (महाल)

मिळेल. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी करून नावं-पत्ते काढलेली, घराघराची आकडेवारी फुकट उतरवता येते. प्रत्येक घरापुढे भार (ते एक घर किती घरांच्या वतीनं मोजायचं, तो आकडा) दिलेला असतो, तो लावल्याशिवाय टक्केवारी काढू नका. नाहीतर नमुन्यात जास्त घेतलेल्या गटाचंच पारडं जड होतं. विषय मात्र थोडा बदला. 2025 ची दूरसंचार पाहणी जानेवारी ते मार्च अशी तीनच महिन्यांची होती आणि अख्ख्या देशात तिची घरं पस्तीस हजारांच्या आसपास. त्यात नागपूरच्या वाट्याला इतकी थोडी येतात की जिल्ह्याचा आकडा भरवशाचा निघणार नाही. महाराष्ट्राचा ग्रामीण-शहरी फरक घ्या. नागपूरसाठी दोन-चार वस्त्यांत स्वतः प्रश्नावली घेऊन फिरा, आणि प्रश्न राष्ट्रीय पाहणीतले शब्दशः ठेवा, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी मांडता येतील.