वैनगडची फौज खाणार काय?

प्रश्न: नमस्कार ताई, मी वणी तालुक्यातून लिहून राहिलो, अकरावीत आहे. मी एक कादंबरी लिहितो, वहीची 140 पानं झाली. त्यात वैनगड नावाचा देश आहे, मीच बनवला, लोकसंख्या 40 लाख, चारीकडून दुसरे देश, समुद्र नाही. सैन्य 5 लाख, टँक 2000, फायटर विमानं 300, रायफली सात प्रकारच्या, प्रत्येक तुकडीची वेगळी. सगळ्यांच्या वर एक सरसेनापती आहे, तो सरळ जवानांना ऑर्डर देते. मित्राला वाचायला दिलं तर तो म्हणते का सगळं खोटं वाटून राहिलं. काऊन खोटं वाटते ते सांगा ना. युद्ध जुलैत लावलं, अन रसद सांभाळणारे डेपोवाले कंटाळवाणे म्हणून काढून टाकले. नकाशा पण पाठवला आहे.

उत्तर: नकाशा पाहिला, दोन वेळा पाहिला, लय मेहनत घेतली तू. म्हणून उत्तर पण नीट देते. तुझ्या मित्राला खोटं वाटलं कारण वैनगडकडे हत्यारं भरपूर आहेत पण त्या हत्यारांमागचा माणूस, रस्ता, डिझेल, भाकर, काहीच दिसत नाही.

आधी माणसंच मोज. 40 लाखात पुरुष 20 लाख, त्यातून लेकरं काढ, म्हातारे काढ, तर 18 ते 40 वयाचे उरतात सात-आठ लाख. त्यातले 5 लाख तू सैन्यात टाकले. मग वखरणी कोण करणार, गिरणी कोण चालवणार, एसटी कोण चालवणार? आपल्या देशाची लोकसंख्या 140 कोटींच्या वर अन लष्करात साधारण 12 लाख, म्हणजे हजारात एक पण नाही. लहान देश हे कसं जमवतात ते फिनलंडचं पाहा, लोकसंख्या 55 लाखाच्या आसपास, तुझ्या वैनगडएवढाच म्हण. तिथे पोट्टे 165, 255 नाहीतर 347 दिवस सैन्यात जातात, शिकतात, घरी येऊन आपापल्या कामाला लागतात, आणि युद्ध झालं तर बोलावून 2 लाख 80 हजारांची फौज उभी राहते. वैनगडसाठी तू कायमचे 30 हजार ठेव, बाकी असे घरी असलेले. मग तुझ्या गोष्टीत एक दिवस येईल, सोयाबीन कापणीला आलं आहे आणि त्याच दिवशी बोलावणं येते. तो प्रसंग तुला लिहावाच लागेल, 2000 टँक लिहून तो येत नाही.

आता सरसेनापती. तो 5 लाखांना सरळ ऑर्डर देते म्हणतोस, पण कापूस वेचायला 10-12 बाया असल्या तर एक मुकादम पुरते, 50 झाल्या की त्याला कोण कुठल्या तासात आहे तेच समजत नाही. लष्कराची बांधणी याच हिशोबावर आहे. आपल्याकडे 10 जणांचा सेक्शन, त्यावर हवालदार किंवा नाईक. असे तीन सेक्शन मिळून प्लाटून, 30-35 माणसं, त्यावर सुभेदार नाहीतर नवा लेफ्टनंट. तीन प्लाटूनची कंपनी, सव्वाशेच्या आसपास, मेजरच्या हाताखाली. मग बटालियन, 800 च्या आसपास, कर्नल. तीन बटालियनची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन. सेक्शनच्या वर प्रत्येक पायरीवर एका माणसाला तीन-चार जणांशीच बोलावं लागते, म्हणून धुरात अन गोंधळात पण ऑर्डर खालपर्यंत पोचते. तुझा हिरो हवालदार असू दे ना, 10 जणांची नावं वाचकाच्या ध्यानात राहतात, 5 लाखांची कोणाच्या राहतील?

रायफली सात प्रकारच्या हे तर मला फारच खटकलं. गावात सात कंपन्यांचे ट्रॅक्टर असले की एकाचा पार्ट दुसऱ्याला लागत नाही, ऐन पेरणीत माणूस मोटरसायकल घेऊन तालुक्याला पळते, हे तू पाहिलंच असेल. गोळीचं तर याहून बारीक आहे. एके-47 ची गोळी 7.62 मिलिमीटर, आपल्या लष्कराच्या जुन्या एसएलआर रायफलीची पण 7.62, पण एकीच्या काडतुसाची पुंगळी 39 मिलिमीटर लांब, दुसरीची 51. आकडा तोच असून एकीची गोळी दुसरीत चालत नाही. त्यानंतर आलेल्या इन्सास रायफलीची तर 5.56. सात तुकड्यांना सात तऱ्हेची काडतुसं पोचवणारा तो स्टोअरवाला क्लार्क, त्याचा विचार कर. सगळ्या पायदळाला एकच रायफल दे, दुसरी फार तर राखीव लोकांकडे, जुनी.

तोफांचं तू लिहिलंच नाहीस, आणि लढाईत माणसं जास्त तोफेनं मरतात. 155 मिलिमीटरच्या तोफेचा एक गोळा 43-45 किलोचा असते. युरियाची गोणी 45 किलोची, उचललीच असशील. आता असा विचार कर का एका तोफेनं दिवसात 100 गोळे टाकले, म्हणजे 100 गोण्या, साडेचार टन, भरगच्च ट्रॉली, आणि ते एका तोफेचं एका दिवसाचं. 18 तोफा असल्या तर रोज 18 ट्रॉल्या, गोळा उडवायच्या दारूची पाकिटं वेगळी, आणि हे सगळं माणसांनी पाठीवर, हातानं चढवायचं उतरवायचं.

टँक म्हणजे 46 टनाचं धूड, टी-90 एवढं, आत तीन माणसं. रस्त्यानं किलोमीटरला दोन लिटरच्या वर डिझेल पिते, शेतातून गेला तर आणखी जास्त. तुझ्या नकाशात सगळी काळी जमीन आहे, आणि युद्ध तू जुलैत लावलं. जुलैत आपल्या काळ्या मातीत केज व्हील, म्हणजे लोखंडी पिंजऱ्याची चाकं, लावल्याशिवाय ट्रॅक्टर निघत नाही. टँक पट्ट्यावर चालते, वजन पसरते, म्हणून तो चिखलातून एखादवेळी निघेल, पण त्याच्या मागचा डिझेलचा टँकर टायरवर आहे, तो फसेल, अन मग टँक पण तिथेच. आणखी एक पाहा, तू राजधानी नदीच्या अलीकडे काढली, सीमा पलीकडे, मधात एकच पूल. नाल्यावरच्या रपट्यावरून 46 टन नेता येत नाहीत. तुझी कादंबरी त्या पुलावर आहे बाळा, तिथेच लढ.

आपल्या इकडची गोष्टच पाहा. 1803 च्या नोव्हेंबरात अकोटकडच्या अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याकडून हरली, मग इंग्रज गाविलगडाला भिडले. गड चिखलदऱ्याजवळ, दक्षिणेकडून सरळ चढ. इंग्रजांनी मेळघाटातून वळसा घालून, रस्ता स्वतः करत, अवजड तोफा उत्तरेकडे ओढत नेल्या. भिंतीला खिंडार पडलं अन 15 डिसेंबरला गड पडला. गडाची भिंत अन आतले शूर लोक यांच्याइतकंच तोफा ओढणारे बैल अन माणसं पण त्या लढाईत होते.

तू लिहितोस का डेपोवाले कंटाळवाणे म्हणून काढून टाकले. ते परत आण, ही माझी विनंती आहे. वर्ध्याजवळ पुलगावला लष्कराचा दारूगोळा डेपो आहे, 31 मे 2016 ला तिथे आग लागली, स्फोट झाले, जवान गेले, आग विझवणारे गेले. माझे मोठे बाबा लष्करात ट्रक चालवायचे, रसद पोचवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. ते सांगायचे का वरच्या चौकीवर ट्रक पोचला की जवान आधी विचारायचे, पत्रं आणली का, मग रॉकेल, मग तांदूळ. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून ते एकेक पाकीट नाव वाचून द्यायचे, अन ज्याचं नसायचं तो तिथेच उभा राहायचा, उगाच ट्रकच्या टायरकडे पाहत. हे वैनगडच्या फौजेत पाहिजे.

विमानं 300 नको, 30 पुष्कळ. आपल्या एका स्क्वाड्रनमध्ये 16 ते 18 असतात, तसे दोन स्क्वाड्रन कर. आणि समुद्र नाही म्हणून नौदल काढू नको, बोलिव्हियाला समुद्र नाही तरी नौदल आहे, टिटिकाका तलावात बोटी चालवते. तुझी नदी मोठी आहे.

प्रश्न: (त्याच पाकिटात, दुसऱ्या कागदावर) रेजिमेंट अन ब्रिगेड एकच असते का?

उत्तर: नाही, अन यात मोठे लोक पण फसतात. आपल्या पायदळात रेजिमेंट म्हणजे घराणं, तिच्या अनेक बटालियन वेगवेगळ्या ठिकाणी असतात, एका रेजिमेंटच्या म्हणून एकत्र लढत नाहीत. ब्रिगेड म्हणजे लढायला एकत्र केलेल्या बटालियन, त्या वेगवेगळ्या रेजिमेंटच्या असू शकतात. तोफखान्यात अन टँकवाल्यांत मात्र रेजिमेंट म्हणजे बटालियनएवढंच युनिट. आणि नागपूरजवळ कामठीला ज्यांचं सेंटर आहे ते ब्रिगेड ऑफ द गार्ड्स, नावात ब्रिगेड पण आहे ती रेजिमेंट. वैनगडमध्ये पण असं एखादं जुनं नाव ठेव, का पडलं ते आजोबाच्या तोंडून सांग. पुढची 50 पानं झाली की पाठव, पुलाचं आधी.