वाचक विचारतात : तळं, जाळं आणि मासळी

या वेळी गोड्या पाण्यातल्या मासेमारीबद्दलच्या प्रश्नांना एकत्र उत्तरं देत आहोत. इंदूर, महू आणि देपालपूर भागातून पत्रं आली. दोन प्रश्नांना जागा जास्त दिली आहे, कारण त्यांच्यावर काही घरांची वर्षभराची कमाई अवलंबून आहे.

प्रश्न : पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते म्हणतात, पण आमच्या मासळीवाल्याकडे जुलैतही रोहू आणि कटला असतो. हा मासा चोरीचा समजायचा का? घेऊ नये का? (सुदामानगर, इंदूर)

सरसकट चोरीचा समजू नका. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंद ऋतू असतो. राज्याच्या १९७२ च्या नदीय मत्स्योद्योग नियमांत तो ठरलेला आहे. तो मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मात्र ज्या लहान तळ्यांचा कुठल्याही नदीशी संबंध नाही आणि जी शासनाने निर्दिष्ट जल म्हणून घेतलेली नाहीत, त्यांना ही बंदी लागू नाही. शिवाय आंध्रातल्या तलावांचा मासा बर्फात, थर्माकोलच्या खोक्यांत बारा महिने इंदूरला उतरतो. तुमच्या मासळीवाल्याचा माल या दोन्हींपैकी असू शकतो.

बंदी कशासाठी, हे ग्राहकालाही ठाऊक असावं. कटला, रोहू आणि मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं नवं, वाहतं, गढूळ पाणी लागतं. यशवंत सागराचंच घ्या. हा जलाशय गंभीर नदीवर आहे. इंदूरला पिण्याचं पाणी देतो, तिथे धंद्यासाठी मत्स्यपालनही होतं आणि २०२२ पासून तो रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आहे. पहिल्या मोठ्या पावसात अशा जलाशयातला पोक्त मासा नदीच्या तोंडाकडे चढू लागतो. रोहूची मादी किलोमागे साधारण दोन लाख अंडी देते. दोन किलोची मादी त्या वाटेवर जाळ्यात अडकली की चार लाख अंडी गेली. तेव्हा जूनअखेरीस पोट फुगलेला, दाबल्यावर अंडी गळणारा मोठा मासा समोर आला, तर तो कुठून आणला हे विचारा. उत्तर नदीचं किंवा धरणाचं आलं, तर घेऊ नका. गिऱ्हाईकच नसेल, तर बंदीच्या दिवसांत जाळं टाकण्यात फायदा उरत नाही.

प्रश्न : आमच्या मच्छीमार समितीकडे ग्रामपंचायतीचं आठ हेक्टरचं तळं पट्ट्यावर (भाडेकराराने) आहे. गेल्या जुलैत इंचभर आकाराचं ८०,००० बीज (माशांची पिल्लं) सोडलं. वर्षभरात हाती आला जेमतेम ९०० किलो मासा. बीज खोटं होतं का? तळ्यात पाणी वर्षभर राहतं. (देपालपूर तालुका)

बीजवाल्यावर ठपका ठेवण्याआधी तीन गोष्टी तपासा. अशा तळ्यांत बहुतेक वेळा त्याच नडतात.

पहिली शिकारी मासळी. मे महिन्यात पाणी सर्वांत कमी असताना ओढजाळं फिरवून पाहा. शिवडा (आपल्याकडे पाडिन म्हणतात) आणि मरळ (सांवल) बऱ्यापैकी निघाले, तर तुमचं इंचभराचं बीज त्यांनी आठवडाभरात संपवलेलं असणार. पुस्तकात यावर मोहाची पेंड सांगतात. मीटरभर पाण्याला तिचं प्रमाण हेक्टरी २,५०० किलो पडतं. उन्हाळ्यात तुमचं पाणी दोन हेक्टरवर आलं आणि मीटरभरच उरलं, तरी पाच टन पेंड लागेल. समितीला तो खर्च झेपणार नाही, आणि गुरं त्या पाण्यावर येत असतील तर टाकूही नये. त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये आठ-दहा दिवसांच्या अंतराने चार वेळा ओढजाळं फिरवा. मरळ चिखलात दडते, तिच्यासाठी काठच्या गवतात रात्री गळ लावा. सगळी निघणार नाही, पण बरीच कमी होईल. आणि ती महाग विकली जाते, त्यामुळे या श्रमाचे पैसेही सुटतात.

दुसरी सांडवा. जुलैत बीज सोडलं आणि ऑगस्टमध्ये तळं भरून वाहिलं, तर पाण्याबरोबर पिल्लंही गेली. सांडव्याला जाळी लावायचा सल्ला सगळे देतात. पुढचं कोणी सांगत नाही. जाळीत गवत आणि सोयाबीनचा पाला अडकतो, पाणी तुंबतं आणि दाब पाळीवर (तळ्याच्या बांधावर) येतो. जाळी लावायची असेल तर पुराच्या रात्री तिथे माणूस हवा, आणि जाळी सरळ न लावता अर्धगोलात लावावी, म्हणजे पाण्याला जागा जास्त मिळते. ही व्यवस्था होणार नसेल तर जाळी लावू नका. पाळ फुटण्यापेक्षा मासा गेलेला परवडला.

तिसरी गोष्ट खास माळव्याची. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनवर फवारणी होते. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशाला फार थोड्या मात्रेतही मारतात. फवारणीनंतर लगेच जोराचा पाऊस झाला की शेतातलं पाणी सरळ तळ्यात येतं. मोठा मासा कदाचित तगेल, इंचभराचं पिल्लू तगत नाही.

या तिन्हींवर आमच्या मते एकच खरा उपाय आहे. बीज जुलैत आणा, पण मोठ्या तळ्यात सोडू नका. वेगळ्या लहान तळ्यात वाढवा आणि बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) झाल्यावर, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, सांडवा थांबल्यावर सोडा. त्या वेळी फवारण्याही संपलेल्या असतात.

हिशोब असा. तुम्ही खाद्य घालत नाही असं धरलं, तर हेक्टरी ३,००० बोटुकली पुरे. म्हणजे एकूण २४,०००. इंचभराच्या बीजातून तीन महिन्यांत शंभरात साठ जगतील असं धरा, म्हणजे ४०,००० बीज आणावं लागेल. गेल्या वर्षीच्या निम्मं. त्यासाठी साधारण १८ आर, म्हणजे ०.१८ हेक्टरचं तळं पुरतं. एखाद्या शेतकऱ्याचं शेततळं तीन महिन्यांच्या भाड्याने घ्या, पण कडा उतरत्या असलेलं आणि जाळं ओढता येईल असं. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात नैसर्गिक खाद्य कमी तयार होतं, तिथे पेंड जास्त लागते. बीज सोडण्याआधी पंधरा दिवस हेक्टरी २०० ते २५० किलो हिशोबाने चुना, म्हणजे इथे सुमारे ४० किलो. त्यानंतर शेणखत. खायला सोयाबीनची पेंड आणि कोंडा समभाग, रात्री भिजवून, सकाळी ठरलेल्या जागी. दुपारपर्यंत उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी घाला. कुजलेलं खाद्य पाण्यातला प्राणवायू खातं.

बीज आणताना प्रवास पहाटे उरकावा. ऑक्सिजनच्या पिशव्या तळ्यावर पोचताच उघडू नका. पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि पिल्लांना आपणहून बाहेर पोहू द्या. घाईने ओतलेलं बीज त्या दिवशी जिवंत दिसतं आणि दोन दिवसांत तळाला बसतं. मोजणीही करा. एक चहाची गाळणी भरून त्यातली पिल्लं मोजा, मग किती गाळण्या झाल्या ते लिहा. पैसे पिशव्यांच्या आकड्यावर द्यायचे नाहीत.

प्रमाण कटला ४, रोहू ३, मृगळ ३. कटला वरचं, रोहू मधलं आणि मृगळ तळाचं खातो. पट्टा दहा वर्षांचा असतो, तेव्हा पहिल्याच वर्षी सगळं वसूल करायला जाऊ नका. ऑक्टोबरची बोटुकली थंडीत हळू वाढते आणि खरी वाढ मार्चनंतर धरते. तिची विक्री त्यापुढच्या हिवाळ्यात करावी.

प्रश्न : माझे आजोळचे लोक गांधी सागर जलाशयावर मासेमारी करतात. बाजारात मासा महाग, मग त्यांच्या हाती इतकं कमी का येतं? जाळ्याचा आस (डोळ्यांचा आकार) मोठा ठेवा असं अधिकारी सांगतात, पण लहान मासा सोडून कसं चालेल? (महू)

ताई, तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. आधी आसाचं पाहू.

समजा, जाळ्यात ४०० ग्रॅमचे शंभर कटले आले. वजन ४० किलो. तेच आठ-दहा महिने पाण्यात राहिले, त्यातले चाळीस मेले किंवा दुसऱ्याच्या जाळ्यात गेले आणि साठ उरले. प्रत्येकी १.३ किलोचे झाले तरी ७८ किलो होतात. म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि मोठ्या कटल्याला किलोमागे भावही जास्त. भारतातल्या मोठ्या, ५,००० हेक्टरांवरच्या जलाशयांचं सरासरी उत्पादन हेक्टरी वर्षाला ११ किलोच्या आसपास नोंदलं गेलं होतं, तर १,००० हेक्टरांहून लहान जलाशयांचं ५० किलोच्या आसपास. मोठ्या पाण्यात बीज कमी पडतं हे त्याचं एक कारण आहे आणि लहान मासा उपसला जातो हे दुसरं.

आस किती हवा, हे घरी काढता येतं. जो मासा धरायचा आहे, त्याच्या पाठीच्या पराच्या जरा पुढे, सर्वांत जाड भागाभोवती दोरा गुंडाळा. दोऱ्याच्या लांबीला अडीचने भागा. तो ताणून मोजलेला आस. दीड किलोच्या कटल्याचा घेर सुमारे ३४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे आस साडेतेरा. ४०० ग्रॅमचा कटला साधारण नऊ सेंटिमीटरच्या आसात अडकतो. रोहू अंगाने सडपातळ, त्याला त्याच वजनाला आस थोडा लहान लागतो. जाळं बांधताना ताणलेली १०० मीटर जाळी ५० मीटर दोरावर आणा. त्याहून ताणून बांधलं तर जाळं ताठ राहतं आणि मासा आदळून परत जातो.

एकट्या घराने मोठा आस वापरून भागत नाही, हे तुमच्या लोकांचं म्हणणं खरं आहे. सोडलेला मासा शेजारची होडी धरते. म्हणून हा निर्णय समितीच्या बैठकीत, सगळ्या होड्यांसाठी एकाच दिवसापासून व्हायला हवा.

आता पैशाचं. राज्याच्या मोठ्या जलाशयांचं काम मत्स्य महासंघाकडे असतं. तिथे मासा ठेकेदाराकडे जातो आणि मच्छीमाराला जात आणि आकार पाहून किलोमागे पारिश्रमिक मिळतं. बाजारभाव वाढला म्हणून ते आपोआप वाढत नाही. दुसरी व्यवस्था शक्य असते, हे तवा जलाशयाने दाखवलं आहे. १९९६ पासून २००६ पर्यंत तिथले हक्क विस्थापित आदिवासींच्या तवा मत्स्य संघाकडे होते. बीज सोडणं, पकडणं, विकणं, बंद ऋतूत पहारा, सगळं त्यांनी केलं. पुढे अभयारण्याच्या कारणावरून हक्कांचं नूतनीकरण झालं नाही. मासा कसा सांभाळायचा हे मच्छीमारांना कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ती दहा वर्षं पाहावीत.

पारिश्रमिक तुमच्या हातात नाही, पण प्रत आणि वजन बऱ्याच अंशी आहे. संध्याकाळी लावलेलं जाळं पहाटेच काढलं, तर रात्री दहाला मेलेला मासा सात तास कोमट पाण्यात लोंबकळतो. पोट मऊ पडतं, गलफडं फिकी होतात आणि तोलावर तो खालच्या प्रतीत टाकला जातो. मार्चपासून पुढे मध्यरात्री एक फेरी मारून मासा काढाच. होडीत थर्माकोलचं खोकं आणि कुटलेला बर्फ हवा. उन्हाळ्यात एक किलो माशाला एक किलो बर्फ, थंडीत अर्धा पुरतो. खाली बर्फ, मग मासा, मग बर्फ, असे थर लावा. खोक्याला तळाशी भोक ठेवा, नाहीतर वितळलेल्या पाण्यात मासा भिजून पांढरा पडतो. बर्फाचा मोठा तुकडा वर ठेवणं निरुपयोगी, त्याने माशाचं अंग फक्त दबतं.

आणि तोलताना स्वतःची वही हवी. जात, नग, वजन, कापलेली कटती, तारीख. समितीने दोन हजारांचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि ठेकेदाराच्या तोलाआधी आपला तोल केला, तर कटतीबद्दल बोलायला हातात काही राहतं.

प्रश्न : ढगाळ हवेत पहाटे आमच्या तळ्यातले मासे वर येऊन तोंड उघडतात. औषध कोणतं टाकावं? (हातोद)

औषध नको. पाण्यातल्या हिरव्या शेवाळानं दिवसा प्राणवायू तयार होतो, रात्री तेच तो वापरतं. उन्हं नसली की पहाटे सर्वांत कमी उरतो. पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात सोडा. दोन-तीन दिवस खाद्य आणि शेणखत बंद. ऊन वर आल्यावर मासे खाली गेले, तर निदान बरोबर. गेले नाहीत, तर गलफडांत उवा किंवा जखमा आहेत का पाहा. हिवाळ्यात अंगावर लाल व्रण आले, तर सिफॅक्स हे औषध एक हेक्टर, एक मीटर खोल पाण्याला एक लिटर या प्रमाणात पाण्यात मिसळून शिंपडतात.

प्रश्न : स्वस्त मागूर मिळतो, तो खावा का? (रामबाग, इंदूर)

देशी मागूर जरूर खा. स्वस्त आणि आकाराने भलामोठा मिळतो तो बहुधा थाई मागूर, म्हणजे आफ्रिकी जातीचा. त्याच्या पालनावर भारतात बंदी आहे. तो पुरात सुटला की नदी-तळ्यातली देशी पिल्लं खातो, आणि पाळणारे त्याला कुजकं मांस घालतात. देशी मागूर सहसा पाव किलोच्या आतबाहेर असतो. किलो-दीड किलोचा समोर आला तर घेऊ नका.

प्रश्न : बंद ऋतूत मच्छीमाराला काही मदत मिळते का? होडी उलटून जीव गेला तर? (गौतमपुरा)

दोन्ही मिळतं, पण आधी नाव नोंदवलेलं असेल तरच. बचत-सह-राहत योजनेत मच्छीमार वर्षभरात १,५०० रुपये भरतो, शासन ३,००० घालतं आणि तीन महिन्यांत मिळून ४,५०० रुपये खात्यात येतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला पाच लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि रुग्णालयात दाखल झाल्यास २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. समितीचं सभासदत्व, आधार आणि बँक खात्यावरचं नाव एकसारखं आहे ना, हे आजच तपासा. दावे तिथेच अडतात. जाळी विणणाऱ्या आणि मासा विकणाऱ्या घरातल्या बायकांनीही समितीत स्वतःचं नाव घालून घ्यावं. त्यासाठी जिल्ह्याच्या मत्स्योद्योग कार्यालयात विचारणा करता येते.