वडिलांचा भात एकदम बंद करू का? आधी त्यांच्या गोळ्यांचं बघा

तुम्ही लिहिलंय की वडील ५८ वर्षांचे, परळला राहतात, तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ८.६, वजन ८४ किलो, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या चालू आहेत. भात-पोळी बंद केली तर शुगर आणि वजन दोन्ही उतरतं असं तुमच्या कानावर आलंय. आई म्हणतात, भाताशिवाय ह्यांचं पोटच भरत नाही. आपल्यासारख्या घरात हे कुणी केलंय का, असं तुम्ही विचारलंय.

मी केलंय. येत्या गणपतीत चार वर्षं होतील. माझी तीन महिन्यांची शुगर ८.९ होती, परवाच्या रिपोर्टात ६.३ आली. वजन ७६ वरून ६५ वर आलं. पण माझी सुरुवात चुकली होती, आणि नेमकी तीच चूक तुमच्या घरी होण्यासारखी आहे, म्हणून आधी ते सांगते.

मलाही ग्लिमेपिराइडच चालू होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग तुम्ही भात खाल्लेला असो वा नसो. मी डॉक्टरांना न विचारता एका सोमवारपासून भात, पोळी, पोहे सगळं बंद केलं आणि गोळी होती तेवढीच घेत राहिले. गुरुवारी संध्याकाळी मस्जिदहून मुलुंडला परत येताना, गाडीने कुर्ला सोडलं आणि मला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. समोरची बाई काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द कळत नव्हते. तिने पिशवीतून मुलासाठी घेतलेली फ्रुटी काढली, स्ट्रॉ टोचली आणि माझ्या तोंडाला लावली. कांजूरमार्ग येईपर्यंत मी माणसात आले. त्या माउलीचं नावही मला माहीत नाही, पण तिची आठवण आल्याशिवाय माझा गुरुवार जात नाही.

शुगर ७० च्या खाली गेली की असं होतं. तेव्हा लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माझ्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी ग्लिमेपिराइड निम्मी केली, दोन महिन्यांनी बंदच केली. मेटफॉर्मिन अजून आहे. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर अशी सहसा कोसळत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो. आणि ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, ती चालू असताना कर्बोदकं (भात, पोळी, साखर यांतले पिष्टमय-गोड घटक) फार कमी केली तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. उलट्या, धाप, कमालीचा थकवा असं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं. किडनीचा त्रास असेल, टाइप वन मधुमेह असेल किंवा पोटात बाळ असेल तर घरच्या घरी हा प्रयोग नकोच.

आता ताटाकडे येऊ. मी वर्षानुवर्षं म्हणायचे, ‘मी साखर सोडलीय, गोड खातच नाही.’ आणि दिवस कसा जायचा? सकाळी बशीभर पोहे, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, चहाबरोबर मारी बिस्किटं, रात्री दोन पोळ्या आणि वाटीभर भात. एका पोळीत १५ ते २० ग्रॅम कर्बोदकं, शिजलेल्या भाताच्या वाटीत ४० च्या आसपास. दिवसाची बेरीज २५० वर जायची, आणि त्या सगळ्याची शेवटी साखरच होते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत भारतीयांच्या जेवणातली ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असं निघालं. माझं ताट त्याहून वेगळं नव्हतं. दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली आलं की साधारणपणे कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. मी ९० ते १०० वर राहते. त्याहून खाली मी गेले नाही, कारण ते मला जन्मभर जमणार नाही हे मला माहीत आहे.

भाकरीबद्दल सगळ्यांचा एक समज असतो. ज्वारीच्या पिठात कर्बोदकं गव्हाच्या जवळपास तेवढीच असतात. भाकरीने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं हे खरं, पण ‘भाकरी कितीही चालते’ हे खरं नाही. गुळाचंही तेच. आणि एका हापूसमध्ये पोळी-दीड पोळीइतकी कर्बोदकं असतात. मे महिन्यात मी अर्धी फोड जेवणातल्या पोळीच्या बदल्यात खाते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते घरच्या ग्लुकोमीटरने. एका संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दोन तासांनी २६४. त्याच आठवड्यात दोन तळलेले बांगडे, लाल माठाची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि एक पोळी खाल्ली, दोन तासांनी १४२. त्या दिवसापासून खिचडीसाठी मला कुणाच्या उपदेशाची गरज लागली नाही. आता संकष्टीला दही, शेंगदाणे, काकडी आणि थोडी वरी, एवढंच.

तुमच्या घरी मासे चालत असतील तर निम्मं काम सोपं आहे. बोंबील, बांगडा, सुकट, जवळा, अंडी यांत कर्बोदकं जवळजवळ नाहीत. शाकाहारी घरात पनीर, दही, शेंगदाणे, मोडाची मटकी, डाळी. डाळी-उसळींतही कर्बोदकं असतात, त्यामुळे त्या भाताच्या जोडीला न घेता भाताच्या जागी घ्यायच्या. पडवळ, दोडकी, घोसाळी, कोबी, मेथी भरपूर. पहिल्या आठवड्यात मला बद्धकोष्ठ झालं, पायात गोळे आले; पाणी आणि भाजी वाढवल्यावर थांबलं.

पहिल्या पंधरा दिवसांत वजन झरझर उतरेल. त्यातलं बरंचसं पाणी असतं, कारण शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनबरोबर (हा साखरेचाच साठा) त्याच्या तिप्पट पाणी धरलेलं असतं आणि साठा संपला की तेही जातं. पुढे वेग मंदावला म्हणून वडिलांना खचू देऊ नका. या आहाराचा फायदा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात ठळक दिसतो आणि वर्षभरात कमी होत जातो, असं अभ्यासांतून दिसलंय. हळूहळू जुनं ताट परत येतं हे त्याचं एक मोठं कारण. काहींचं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून तीन महिन्यांनी लिपिड (रक्तातली चरबी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तपासून घ्या.

कुणीतरी तुम्हाला सांगेलच की हे म्हणजे दीक्षित डाएट. तसं नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा भर दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण्यावर आहे. इथे प्रश्न ताटात काय आहे याचा आहे. आणि ग्लिमेपिराइड चालू असताना जेवणाची वेळ टाळणं हेही तेवढंच धोक्याचं.

तुमच्या आईंचं मला पटतं. वडिलांच्या पानातून भात एका दिवसात उचलू नका. डॉक्टरांशी बोलून झालं की आधी फक्त रात्रीचा भात कमी करा, एक लहान मूद ठेवा, आणि ती शेवटी वाढा, भाजी-मासे पोटभर खाऊन झाल्यावर. मग सकाळचे पोहे. दुपारचा डबा सगळ्यात शेवटी.

ग्लिमेपिराइड किती मिलिग्रॅमची आहे आणि दिवसातून कितीदा घेतात, ते तुम्ही लिहिलं नाहीये. आजपासून आठवडाभर, काहीही न बदलता, उपाशीपोटी आणि रात्री जेवल्यावर दोन तासांनी त्यांची शुगर मोजा, शेजारी काय खाल्लं ते लिहा, आणि तो कागद गोळ्यांच्या पाकिटांसकट डॉक्टरांकडे घेऊन जा. भाताचं त्यानंतर.