बल्बला दोष देण्याआधी

प्रश्न : माझ्याकडे १९७३ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, ब्रिटनमधल्या विक्रीसाठी बनलेली. महिनाभर डॅशबोर्डचे दिवे लुकलुकत होते, आता सगळेच गेले. डॅशबोर्डवर थाप मारली की कधीतरी क्षणभर येतात. इग्निशनचा लाल दिवा मात्र लागतो, मागचे दोन्ही दिवेही लागतात. चार बल्ब बदलले, फरक नाही. बल्ब काढून, मल्टिमीटरची काळी वायर दाराच्या बिजागरीला लावून होल्डर तपासला, तर १२ व्होल्ट दिसतात. मग नवा बल्ब का पेटत नाही? सगळीकडे एलईडी टाकू का?

उत्तर : थाप मारली की दिवे येतात, हे तुम्हीच लिहिलंत आणि तरी बल्ब बदलत बसलात. हसत नाही हो, मीही हेच केलंय. दोन संध्याकाळी गाडीत उताणा पडून मी एकेक बल्ब बदलला होता; जुने सगळे चांगले निघाले. सगळे दिवे एकदम गेले तर दोष त्या सगळ्यांच्या सामायिक वाटेवर शोधायचा. लाल दिवा लागतो यावर जाऊ नका, त्याची वाट वेगळी. डॅशबोर्डचे दिवे पार्किंगच्या दिव्यांच्या खटक्यावरून येतात. मागचे दोन्ही दिवे लागतात, म्हणजे खटक्यापर्यंत सगळं ठीक दिसतंय.

आता ते १२ व्होल्ट. मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. डॅशबोर्डचा बल्ब २.२ वॉटचा. असे पाच धरले तर सुमारे ०.९ अँपिअर लागतात, आणि तेवढा करंट गंजलेल्या जोडातून जाऊ लागला की व्होल्टेज तिथेच खर्ची पडतं. शिवाय तुम्ही काळी वायर बिजागरीला लावलीत. बल्बला अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, बिजागरीतून मिळत नाही; ज्या डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये तो बसतो, त्याच्या डबीतून मिळतं.

म्हणून मल्टिमीटर ठेवा आणि साधा टेस्ट लॅम्प घ्या, म्हणजे एका बाजूला चिमटा आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेला तपासणीचा बल्ब. त्याचा चिमटा बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावा, टोक होल्डरमध्ये. लख्ख पेटला तर पुरवठा चांगला, अर्थिंग गेलंय. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर दोष रिओस्टॅटकडे, म्हणजे दिवे मंद करायच्या त्या गोल बटणाकडे.

माझा पहिला संशय त्या बटणावरच. आत तारेचं वेटोळं आणि त्यावर घासणारी पट्टी असते. वर्षानुवर्षं बटण एकाच जागी राहिलं की तिथे ऑक्साइडचा थर धरतो. दिवे चालू ठेवून ते दोन्ही टोकांपर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं. नाही झालं तर मागच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडून पाहा. पुढे मीटरकडे जाते ती लाल, पांढऱ्या रेघेची. दिवे आले तर चोर सापडला. तात्पुरतं तसंच चालवलंत तरी बिघडत नाही, फक्त उजेड कमी करता येणार नाही.

दोष अर्थिंगचा निघाला तर मीटरमागच्या दातेरी नटखालच्या काळ्या वायरी सोडवा, टोकं घासून चकचकीत करा आणि घट्ट बसवा. डॅशबोर्ड पत्र्याचा आहे म्हणून त्याच्यावर विसंबू नका. रंगाच्या जाड थरातून वीज जात नाही.

हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढा. तुमच्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे आहेत, तेव्हा थोडी कसरत होईल. आणि तेलदाब-तापमानाच्या जोडमीटरमागे बारीक नळी दिसेल, तिला मुडपू नका. माझ्या हातून एकदा मुडपली. दिवे आले, पण पाण्याचा काटा तेव्हापासून झोपला.

एलईडी हवेत तर मीटरमध्ये टाका, पण आधी दोष काढून. जुन्या रिओस्टॅटवर ते नीट मंद होत नाहीत. इग्निशनच्या लाल दिव्यात मात्र अजिबात नको. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. एलईडीतून तो पुरेसा जात नाही, मग इंजिन चालू आणि चार्जिंग बंद.

प्रश्न : १९६५च्या एमजीबीत एलईडी बसवले, एकही लागत नाही. जुने बल्ब लावले की लागतात.

उत्तर : तुमच्या गाडीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली आहे, एमजीबीत ही पद्धत १९६७पर्यंत होती. साध्या बल्बला दिशेचं सोयरसुतक नसतं, एलईडीला असतं. आट्याचा एलईडी उलटा बसवता येत नाही, तेव्हा पॉझिटिव्ह अर्थसाठीचेच मागवा.