रॅम्सबॉटम आणि पेडणेकर

प्रिय ईरा,

परवा तू सांगत होतीस ना, की वर्गात नवीन मुलगा आलाय, आडनाव रॅम्सबॉटम, आणि हजेरीला त्याचं नाव आलं की सगळे खिदळतात. मग कुणीतरी तुला विचारलं की पेडणेकर म्हणजे तरी काय, आणि तुला सांगता येईना. घरी येऊन मला म्हणालीस, आपण पेडण्यात कधी राहिलोच नाही, आजोबा पण गिरगावातले, मग पेडणेकर कशाला? झोपायच्या वेळी एवढं सगळं सांगून झालं नसतं म्हणून लिहितोय.

आधी रॅम्सबॉटमचं सांगतो, कारण तुझं अर्धं उत्तर त्यातच आहे. ते गावाचं नाव आहे गं. मँचेस्टरच्या उत्तरेला, बरी नावाच्या गावाच्या थोडं पुढे, अर्वेल नदीच्या काठी. बॉटम म्हणजे जुन्या इंग्लिशमध्ये दरीतली सखल जागा, म्हणून या लँकेशायर-चेशायरच्या बाजूला साइडबॉटम, हिगिनबॉटम अशी आडनावं निघतात. रॅम्सबद्दल जाणकारांची दोन मतं आहेत, कुणी म्हणतं रॅम म्हणजे मेंढा, कुणी म्हणतं ह्राम्सा म्हणजे रानलसूण. मला लसूणच पटतो. एप्रिल-मेमध्ये इथे इंग्लंडमध्ये ओढ्याकाठच्या झाडीत पांढऱ्या फुलांचे ताटवेच्या ताटवे असतात बघ, पानावर पाय पडला की आजीच्या लसणीच्या चटणीसारखा वास सुटतो, तीच ती. म्हणजे रानलसणाची दरी. इतकं छान नाव आणि पोरं भलतंच समजून हसतात.

आता हे बघ, रॅम्सबॉटममध्येच राहणाऱ्याला रॅम्सबॉटम म्हणून कोण हाक मारेल? तिथे सगळेच तिथले. तो माणूस कामासाठी, जमिनीसाठी, लग्नासाठी दुसऱ्या गावात गेला की तिथले लोक म्हणणार, अरे तो रॅम्सबॉटमचा. म्हणजे हे आडनाव सोडलेल्या गावाचं, पण दिलं नवीन गावाने. नॉर्मन लोक 1066 मध्ये इंग्लंडमध्ये आले, त्यानंतरच्या तीन-चारशे वर्षांत अशी नावं हळूहळू बापाकडून मुलाकडे जायला लागली, आधी जमीनदारांची, मग साध्या लोकांची, उत्तरेकडे जरा उशिराच. 1538 पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळ्याच्या नोंदी ठेवायचा हुकूम निघाला, आणि एकदा वहीत लिहिलं गेलं की नाव सहसा बदलत नाही, स्पेलिंग मात्र लिहिणाऱ्याच्या मर्जीवर.

आपलं डिट्टो तसंच. पेडणे गोव्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल ओलांडली की महाराष्ट्र. तिथून कुणीतरी पोटापाण्यासाठी निघालं आणि जिथे गेलं तिथे पेडणेकर झालं. म्हणून आजोबा गिरगावात राहून पेडणेकर, यात चुकीचं काहीच नाही, उलट पेडण्यातच राहिलो असतो तर हे नाव पडायचं कारणच नव्हतं. दीनानाथ मंगेशकरांनी तर मंगेशी गावावरून हे आडनाव स्वतःहून घेतलं. सगळी मराठी आडनावं अशी नसतात हां, कुलकर्णी, देशमुख, पाटील हे हुद्दे, सुतार हा धंदा, इथल्या स्मिथ आणि टेलरसारखं.

आणि त्या मुलाला एक सांग. जॉन रॅम्सबॉटम नावाचा मोठा रेल्वे इंजिनियर होऊन गेला, 1814 मध्ये टॉडमॉर्डनला जन्मलेला. वाफेच्या इंजिनाला पाणी सारखं लागायचं आणि त्यासाठी गाडी थांबवावी लागायची. याने रुळांच्या मधोमध लांबलचक उथळ हौद बसवले आणि इंजिनाखालून एक नळा खाली सोडला, गाडी धावता धावता त्या वेगानेच पाणी वर टाकीत चढायचं! 1860 मध्ये नॉर्थ वेल्सच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा केलं. बॉयलरमधली वाफ जास्त झाली की आपोआप सोडणारा त्याचा व्हॉल्व्ह असा होता की ड्रायव्हरला त्यात ढवळाढवळ करता यायची नाही, त्यामुळे स्फोटाचा धोका कमी झाला. हजेरीला हसणाऱ्यांना हे ऐकव.

राहिलं तुझ्या नावात मध्ये माझं नाव का ते. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडलांचं, मग आडनाव, हल्ली काही जण आईचंही लावतात. मधलं नाव दर पिढीला बदलतं. इंग्लिश लोकांचंही पूर्वी असंच होतं, जॉनचा मुलगा तो जॉन्सन, पुढे ते गोठलं आणि आता जॉन्सनच्या बापाचं नाव पीटर असलं तरी चालतं. लँकेशायरच्या खेड्यांत तर एकाच आडनावाची इतकी घरं असायची की लोक बापाचं, आजोबांचं नाव जोडून ओळखायचे, बिलचा टॉम, जॅकच्या बिलचा टॉम असं. शाळेच्या फॉर्मवर मिडल नेमच्या रकान्यात माझं नाव लिहितेस ते बरोबर आहे, कुणी मुलाचं नाव का म्हणून विचारलं तर हे सांग. पुढे लग्नबिग्न झालं तर ही नावं ठेवायची की बदलायची ते तुझं तू ठरव, आमची काही जबरदस्ती नाही.

बाबा