पोस्ट बेसिकसाठी नोकरी सोडू का?

प्रश्न : जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय. चिपळूणजवळच्या साठ खाटांच्या खाजगी रुग्णालयात ४ वर्षं ७ महिने झाले. बेसिक १४,०००, हातात १९,५००. दर एप्रिलला हजार रुपये वाढतात. वय नुकतंच २८ पूर्ण झालं. सगळ्या सिनियर सिस्टर म्हणतात, डिग्रीशिवाय पगार वाढणार नाही. पोस्ट बेसिक बी.एस्सी.च्या (डिप्लोम्यानंतरची नर्सिंग डिग्री) दोन वर्षांना फी आणि हॉस्टेल धरून ३ लाख लागतील. बाबा पतपेढीतून १३ टक्क्यांनी कर्ज काढतो म्हणतात, दरवर्षी आंब्यावर फेडू. आमच्याकडे डिग्रीवाल्यांना २,५०० जास्त मिळतात. माझी १,१०,००० ची एफडी आहे. राजीनामा देऊ का?

उत्तर : ताई, देऊ नका. निदान पुढची दोन वर्षं तरी नाही. कारण फीत नाही, तुमच्या वयात आणि त्या साठ खाटांत आहे.

आधी फीचं उरकून घेऊ. ३ लाख खर्च, शिवाय दोन वर्षांचा बुडालेला पगार : पहिल्या वर्षी २,३४,०००, दुसऱ्या वर्षी हजाराची वाढ धरून २,४६,०००. एकूण ७,८०,०००. बदल्यात महिन्याला २,५०० जास्त. म्हणजे ३१२ महिने, २६ वर्षं. तिशीत डिग्री घेऊन बाहेर पडाल आणि छप्पन्नाव्या वर्षी पैसे वसूल होतील, तेही व्याज न धरता. व्याज धरलं तर हिशेब संपतोच : ३ लाखांवर १३ टक्के म्हणजे महिन्याला ३,२५०. डिग्रीने मिळणाऱ्या वाढीपेक्षा नुसतं व्याजच ७५० रुपयांनी जास्त. मुद्दलाला हात लागणारच नाही.

सिनियर सिस्टर खोटं बोलत नाहीत, पण त्या खाजगी वॉर्डातलं सांगतात. तुमची वर्षाला हजार रुपयांची वाढ आज ५ टक्के वाटते. रक्कम तीच राहिली तर दहा वर्षांनी पगार २९,५०० आणि वाढ साडेतीन टक्क्यांच्याही खाली. महागाई त्याहून जास्त राहिली, तर खरा पगार घसरेल.

आता सरकारी बाजू बघा. राज्य सरकारच्या रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत अधिपरिचारिकेचा (स्टाफ नर्सचा) वेतनस्तर एस-१३ : ३५,४०० ते १,१२,४००. आणि ही गोष्ट वॉर्डात फारशी कोणी सांगत नाही : जीएनएम असो की बी.एस्सी., सुरुवात ३५,४०० नेच होते. तुमच्या हातातल्या डिप्लोम्यावर जे पद मिळू शकतं, त्यासाठी तुम्ही ३ लाख मोजायला निघाला आहात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान गावी नेमणूक धरू. मूळ ३५,४००. महागाई भत्ता १ जानेवारी २०२५ च्या ५५ टक्के दराने १९,४७०. घरभाडे १० टक्क्यांनी ३,५४०. झाले ५८,४१०. त्यातून एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजना) १० टक्के (मूळ अधिक महागाई भत्त्यावर) ५,४८७ आणि व्यवसाय कराचे २०० वजा केले तर ५२,७०० च्या आसपास. गटविमा वगैरे किरकोळ कपात आणि वाहतूक भत्ता यात धरलेला नाही. एनपीएसमध्ये सरकार आपल्याकडून १४ टक्के, म्हणजे ७,६८२ टाकतं, ते वेगळेच.

पुढची वाढ कशी होते ते नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकींचा गोंधळ होतो. वार्षिक वेतनवाढ फक्त ३ टक्के. तुमच्या आजच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी दिसते. पण ती मूळ पगारावर असते आणि महागाई भत्ता जानेवारी-जुलैला स्वतंत्र वाढतो. राज्याचा आदेश उशिरा निघतो, थकबाकी मागून मिळते. मूळ वेतन ३५,४००, ३६,५००, ३७,६००, ३८,७०० असं चढत दहा वाढींनंतर ४७,६०० होतं. शिवाय एकाच पदावर अडकलात तरी आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरच्या स्तराचा लाभ असतो. आठव्या वेतन आयोगाचे आकडे सध्या व्हॉट्सॲपवर फिरताहेत, ते हिशेबात धरू नका.

याच्याही वरची पायरी केंद्राची. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार ४४,९००, नर्सिंग भत्ता वेगळा. राज्यातल्या सिस्टरला तिथे पोचायला आठ वेतनवाढी लागतात. त्यासाठीची परीक्षा नॉरसेट. जीएनएम चालतं, मात्र नोंदणीनंतर किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव हवा. वयोमर्यादा १८ ते ३०. ओबीसींना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं सवलत. खुल्या प्रवर्गातल्या असाल तर तुमच्याकडे दोन वर्षंही पुरती नाहीत, आणि नेमकी तीच तुम्ही वर्गात बसून घालवणार होतात. राज्याच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत मुभा असते, तिथे घाई नाही. म्हणून आधी नॉरसेट, सोबत राज्याची भरती, डिग्री नंतर.

साठ खाटांचं एकदा तपासून घ्या. लोक तोंडी साठ म्हणतात आणि नोंदणी पंचेचाळीसची निघते. रिसेप्शनजवळ नर्सिंग होम नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, त्यावर खाटांचा आकडा असतो, तोच खरा. अनुभवाचा दाखला लेटरहेडवर घ्या. रुजू झाल्याची तारीख, पद ‘स्टाफ नर्स’, पूर्णवेळ, खाटांची संख्या आणि सही-शिक्का, एवढं त्यात हवंच. नुसतं ‘आमच्याकडे समाधानकारक काम केले’ असं लिहिलेला कागद पडताळणीत उपयोगाचा नाही. रुजू होताना मूळ मार्कलिस्ट आणि नोंदणी प्रमाणपत्र रुग्णालयात ठेवून घेतलं असेल तर आत्ताच लेखी अर्ज देऊन परत मागा. पडताळणीचा निरोप चार दिवस आधी येतो आणि तेव्हा ऑफिसची किल्ली नेमकी कोणाकडे तरी असते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मुदत, आधारवरचं नाव, डोमिसाइल, लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर, सगळ्यावरचं नाव आणि स्पेलिंग एकच असू द्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर इथेच घोळ होतो.

पैशाची मांडणी साधी आहे. एफडीतले ६०,००० हलवायचे नाहीत, तो तीन महिन्यांचा पगार समजा. नॉरसेटचं शुल्क खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ३,०००. टेस्ट सिरीज, पुस्तकं, केंद्र लांब आलं तर कोकण रेल्वेचं तिकीट आणि एक रात्र लॉज, असं सगळं धरून २५,००० बाजूला काढा. उरलेले २५,००० राज्याच्या परीक्षा आणि कागदपत्रांसाठी. नॉरसेटमध्ये चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. अंदाजाने उत्तर द्यायची सवय आधीच सोडा. राज्याच्या परीक्षेत नर्सिंगबरोबर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ताही असते, आणि चांगल्या सिस्टर तिथेच गुण घालवतात.

राजीनाम्याची तारीख आणखी एका कारणाने महत्त्वाची. पाच वर्षं भरायला तुम्हाला पाच महिने आहेत. भरली की ग्रॅच्युइटी : १४,००० × १५ ÷ २६ × ५, म्हणजे सुमारे ४०,३८०. आज सोडलंत तर ही रक्कम हातची जाईल. पीएफ काढू नका. पाच वर्षांआधी काढला तर करात येतो आणि सोबत पेन्शनची रक्कमही काढली तर पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा तुटते. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) चालू ठेवा. पगाराच्या स्लिपवर बघा, तुमचे १२ टक्के आणि रुग्णालयाचे १२ टक्के दोन्ही तुमच्याच पगारातून कापत नाहीत ना. हा प्रकार छोट्या रुग्णालयांत आढळतो.

दरम्यान वॉर्डातून आयसीयू, ओटी किंवा डायलिसिसला बदली मागा. खाजगीत पगार उडी मारतो तो बहुधा अशा कामाने आणि जागा बदलल्याने, मुरल्याने नाही. बोलताना हेही माहीत असू द्या : सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयांनी राज्य सरकारच्या पगारापेक्षा २५ टक्क्यांहून कमी देऊ नये, अशी शिफारस केली होती. अंमलबजावणी बेताचीच, पण मागणी अवाजवी नाही हे दाखवायला पुरते.

एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी जागेचं विचाराल तर स्टाफ नर्सला तिथे साधारण २०,००० मानधन असतं. पाचशे रुपयांसाठी ग्रॅच्युइटी टाकून मुदतीच्या करारावर जाऊ नका. आखाताचा पर्याय चांगला आहे, मात्र एजंटची कायदेशीर सेवाशुल्क मर्यादा ३०,००० अधिक जीएसटी आहे. लाखात मागणारा गाठ पडला तर उठून या. तिथल्या परवान्यांनाही सलग, अलीकडचा अनुभव लागतो, आणि दोन वर्षांच्या वर्गाने तो खंडित होतो.

डिग्री कधी? सरकारी सेवेत लागल्यावर अभ्यासरजेच्या नियमांत बसवून, किंवा नर्सिंग कॉलेजात ट्यूटर व्हायचंच असेल तेव्हा. तेव्हाही आधी तिथला पगार लेखी विचारा. आणि कर्ज बँकेचं घ्या : शैक्षणिक कर्जाला ७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ता कोर्सनंतर सुरू होतो. पतपेढीचा हप्ता दर महिन्याला येतो, आंबा वर्षातून एकदा, तोही थ्रिप्स किडीने आणि अवकाळी पावसाने ठेवला तर. बाबांनी कलमं गहाण टाकू नयेत.