बाई एक, चिठ्ठ्या दोन

बेळगाव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

निपाणीच्या मेडिकलमध्ये तू उभी राहायला लागलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. कुठलं औषध कुठल्या औषधाला बाधतं, याचे तक्ते तू परीक्षेला पाठ केलेच असशील. काउंटरवर मात्र बाई हळूच "माला-डी द्या" म्हणते, पैसे ठेवते आणि पिशवीत पाकीट लपवून निघते. घरी तिची आणखी कुठली गोळी चालू आहे हे ती आपणहून सांगत नाही. विचारायचं तुलाच.

आपल्या भागात तर विचारायलाच हवं. निपाणीची माणसं कोल्हापूरला दाखवतात, चंदगडची बेळगावला येतात, फिट येणाऱ्या पोरीला कुणी मिरजेला नेतं. टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून, माला-डीसारख्या पाळणा लांबवायच्या गोळ्या आशाताईकडून नाहीतर तुझ्याकडून. एक कागद कन्नडमधला, दुसरा डॉक्टरच्या इंग्रजी अक्षरातला, आणि दोन्ही एका टेबलावर कधी येत नाहीत. टीबी झालेली सून सासरी कळू नये म्हणून माहेरच्या गावी औषध सुरू करते, हेही तुला दिसेल. मग दोन्ही औषधं शेजारी ठेवून बघणारी तू एकटीच उरतेस.

या गोळीला बाधणाऱ्या औषधांची यादी लहान आहे, ती पक्की कर. पहिलं नाव टीबीच्या औषधातलं, रिफॅम्पिसिन. माला-डीच्या पांढऱ्या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम, इतकीच ती मात्रा. या संप्रेरकांना यकृतातली एन्झाइम्स मोडून टाकतात. रिफॅम्पिसिन सुरू झालं की यकृत ती एन्झाइम्स जास्त बनवू लागतं. तंबाखूच्या वखारीत हंगामाला जादा बाया लावल्यावर माल कसा भराभर उरकतो, तसं गोळीचं औषध काम करायच्या आधीच उरकलं जातं. आणि हंगाम संपला त्याच दिवशी त्या बाया घरी जात नाहीत. म्हणून टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा असला, तरी शेवटच्या गोळीनंतर आणखी चार आठवडे माला-डीवर भरवसा ठेवता येत नाही. अंगावर पिणारं मूल असलेल्या बायकांना देतात त्या नुसत्या प्रोजेस्टिनच्या, म्हणजे एकाच संप्रेरकाच्या गोळीचंही हेच. मधेच डाग दिसले तर गोळी कमी पडत असल्याची शंका घे. पण डाग नाहीत म्हणून सगळं ठीक, असं धरू नकोस.

"टीबी आहे का?" असं चारचौघांत विचारलंस तर ती बाई पुन्हा तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. "रोजची दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" एवढंच विचार. घोटाळली तर जवळ बोलावून विचार, लघवी केशरी होते का. रिफॅम्पिसिननं ती होतेच, आणि आजाराचं नाव न घेता तुला उत्तर मिळतं. चिकोडीकडच्या बायकांना "ब्यारे गुळिगी तगोतीरेन्री?", म्हणजे दुसरी गोळी घेता का, म्हटलंस की पुरे.

दुसरा गट फिटच्या औषधांचा. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन आणि ऑक्सकार्बाझेपिन गोळीचा असर कमी करतात. टोपिरामेट मोठ्या मात्रेत, म्हणजे दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर गेलं की तेही. आणि ते डोकेदुखीसाठीही देतात, तेव्हा फिट नाही म्हणून सोडून देऊ नकोस. लॅमोट्रिजिनचं गणित उलटं आहे. तिथं गर्भनिरोधक गोळीच रक्तातलं लॅमोट्रिजिन जवळपास निम्म्यावर आणते, आणि चांगली थांबलेली फिट परत येऊ शकते. मग पाकिटातल्या संप्रेरक नसलेल्या, लोहाच्या सात गोळ्यांच्या आठवड्यात ते पुन्हा चढतं, चक्कर येते. व्हॅल्प्रोएट गोळीला काही करत नाही, पण त्यावर असताना दिवस गेले तर बाळाला मोठा धोका असतो. म्हणून त्या बाईला तर भरवशाचं साधन हवंच. लेव्हेटिरासिटामची काळजी नको.

एचआयव्हीच्या काही औषधांनीही, जसं एफाव्हिरेन्झ, गोळी कमी पडते. मन प्रसन्न ठेवायला म्हणून ऑनलाइन मागवलेल्या कॅप्सूलवर 'सेंट जॉन्स वर्ट' लिहिलेलं दिसलं तर तेही याच यादीत घाल. छाया ही पाळणा लांबवायचीच गोळी, पण संप्रेरकाची नाही, तिला हा हिशोब जसाच्या तसा लावू नकोस.

आता एक भीती काढून टाक. कुठल्याही अँटिबायोटिकनं माला-डी निकामी होते, असं अजून पुष्कळ जण सांगतात. ॲमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिननं तसं होत नाही. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र गोळी अंगी लागत नाही. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यायला सांग. भीती वाटेल तिथं वाटू दे, पण भलतीकडे वाटली तर बायका गोळीच सोडतात. दिवस राहतात ते त्यामुळेच जास्त, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र दटावून सांगते. "ही दोन औषधं एकत्र चालत नाहीत" एवढं अर्धवट वाक्य बोलू नकोस. ऐकणारी बाई हमखास टीबीची नाहीतर फिटची गोळी बंद करते, कारण गर्भाची भीती तिला जवळची असते. वाक्य असं पुरं कर: "ती औषधं एक दिवसही चुकवायची नाहीत, बदलायचं ते पाळणा लांबवायचं साधन." तांबी आणि तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन यांच्यावर रिफॅम्पिसिनचा किंवा फिटच्या औषधांचा परिणाम होत नाही. दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तिथं जाईपर्यंत निरोध वापरायला सांग, आणि निरोध काउंटरच्या खालच्या कप्प्यातून वर आणून ठेव. संबंधानंतर घ्यायच्या ७२ तासांच्या गोळीतही तेच लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं, तेव्हा या औषधांवर असलेल्या बाईला ती विकून मोकळी होऊ नकोस. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती जास्त भरवशाची. त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठव.

पाकीट न्यायला पुष्कळदा नवराच येईल, कधी सासू. त्यांच्याकडे काही विचारू नकोस, नाहीतर तिचं झाकलेलं दुखणं तुझ्या तोंडून घरात पोचेल. मराठी आणि कन्नड, दोन्हीत छापलेली एक छोटी चिठ्ठी करून घे: "दुसरी रोजची गोळी चालू असेल तर स्वतः येऊन भेटा." माला-डी घेणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत ती घाल, म्हणजे ती कुणासाठी आहे हे कुणाला कळणार नाही. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, ती वेळ खाली लिहून टाक.

तुझी,
आक्का